माना

माना : पॉलिनीशिया, फिजी व मेलानीशियाचा बराचसा भाग येथील भाषांत थोड्याफार ध्वनिभेदाने आढळणारा शब्द. परिणामकारकता, यश, अलौकिक सामर्थ्य, अधिकार, प्रतिष्ठा, चमत्कार व मेघगर्जना असे त्याचे निरनिराळे अर्थ निरनिराळ्या बेटांवर आढळतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द यूरोपीय मानवशास्त्रात दाखल झाला आणि ‘वस्तूंत व व्यक्तींत संचार करणारी निर्वैयक्तिक गूढ शक्ती’ या अर्थाने धर्माच्या उगमाविषयीच्या अनेक उपपत्तींचा आधार बनला. या पारिभाषिक अर्थाचा मूळ भाषांतील अर्थांशी मेळ कितपत बसतो, हा मानवशास्त्रातील एक दीर्घकाळ चाललेला वाद आहे. न्यूझीलंडमध्ये या शब्दाच्या अर्थाला राजकीय व कायदेशीर महत्त्वही प्राप्त झाले आहे.

मूळ शब्दातील दोन्ही स्वर ऱ्हस्व असून त्यांचा उच्चार ‘आ’च्या जवळचा, पण आखूड असतो. देवनागरीत अशा स्वरासाठी स्वतंत्र चिन्ह नसल्याने ‘माना’ असे लेखन येथे स्वीकारले आहे.

रूप व प्रसार : ज्या भाषांत हा शब्द आढळतो त्या ऑस्ट्रोनीशियन भाषाकुलाच्या ओशिॲनिक शाखेतील आहेत. या शाखेची मूळ भाषा सु. ३,००० ते ३,५०० वर्षांपूर्वी न्यू गिनीच्या पूर्वेकडील बिस्मार्क द्वीपसमूहात बोलली जात असावी, असे भाषाशास्त्र व पुरातत्त्व यांच्या एकत्रित पुराव्यावरून मानले जाते. तेथून दर्यावर्दी लोक सॉलोमन बेटे, वानुआतू, फिजी, टोंगा व सामोआ असे पूर्वेकडे पसरले. पुढे दीर्घ कालानंतर त्यांचे वंशज ताहिती, मार्केझस, हवाई व ईस्टर बेटापर्यंत आणि सु. तेराव्या शतकात न्यूझीलंडपर्यंत पोहोचले. या प्रवासात ‘माना’ हा शब्द त्यांच्याबरोबर गेला. म आणि न ही व्यंजने या भाषांत फारशी बदलत नसल्यामुळे हजारो किलोमीटर अंतरावरील बेटांवरही शब्दाचे रूप जवळजवळ तेच राहिले; अर्थ मात्र तसा स्थिर राहिला नाही. रूप एक म्हणून अर्थही एक, या समजुतीने पुढे बराच गोंधळ निर्माण झाला.

रूपाचे साम्यही काही वेळा फसवे असते. हवाई भाषेत ‘माना’ याचा आणखी एक अर्थ ‘फांदी’ असा आहे. हा वस्तुतः वेगळाच शब्द होय. माओरी भाषेत फांदीला ‘मांगा’ म्हणतात (यातील अनुनासिक ‘वाङ्मय’ या शब्दातील ‘ङ’सारखे असते). मूळ पॉलिनीशियन भाषेतील हे कंठ्य अनुनासिक हवाई भाषेत ‘न’मध्ये विलीन झाले. माओरीतील ‘रांगी’ (आकाश) या शब्दाचे हवाई रूप ‘लानी’ असे झाले, तेही याच नियमानुसार. त्यामुळे दोन भिन्न शब्द हवाई भाषेत एकरूप झाले. याखेरीज पहिला स्वर दीर्घ असलेला ‘माना’ म्हणजे मुलाला भरविण्यासाठी चावून मऊ केलेला घास, तर दोन्ही स्वर दीर्घ असल्यास अर्थ होतो ‘रुक्ष, निर्जल प्रदेश’. काउआई बेटावरील माना या कोरड्या मैदानाचे नाव या दीर्घस्वरी शब्दाचेच आहे. म्हणून पॉलिनीशियन शब्दांची तुलना करताना स्वरांची ऱ्हस्वदीर्घता आणि व्यंजनांचे नियमित परिवर्तन या दोन्हींकडे लक्ष द्यावे लागते.

ओशिॲनिक शाखेबाहेरील सारख्या उच्चाराच्या शब्दांचा या शब्दाशी संबंध नाही. मलाय व इंडोनेशियन या भाषा ऑस्ट्रोनीशियन कुलातीलच आहेत. पण त्यांतील ‘माना’ म्हणजे ‘कोठे, कोणता’. दक्षिण अमेरिकेतील केचुआ भाषेत ‘माना’ हा नकारार्थी शब्द आहे. फिनिश पुराणकथांत ‘माना’ हे मृतांच्या लोकाचे नाव आहे. बायबलमधील अरण्यात मिळालेल्या अन्नाचा वाचक ‘मान्ना’ हा शब्द हिब्रूतून आला आहे. मराठी ‘मान’ हा शब्द संस्कृत ‘मन्’ या धातूपासून निघालेला असून त्याचे गोत इंडो-यूरोपीय आहे. मानकरी, मानपान, मानाचे स्थान या प्रयोगांमुळे मराठी वाचकाला माओरी ‘माना’ परिचित वाटण्याचा संभव आहे. परंतु हे साम्य योगायोगाचे आहे.

मेलानीशियातील अर्थ : सॉलोमन बेटांतील व वानुआतूमधील अनेक भाषांत या शब्दाचा उपयोग मुख्यत्वे क्रियापदासारखा होतो. मालाइता बेटावरील काही भाषांत ‘मामाना’ म्हणजे ‘खरे असणे, खरे ठरणे’. त्याच बेटावरील क्वायो लोकांच्या भाषेत ‘नानामा’ हे रूप आढळते. पूर्वजांचे आत्मे एखाद्याच्या पाठीशी राहिले, की त्याचे डुकरांचे कळप वाढतात, कंद चांगले येतात, लढाईत तो वाचतो. हे सर्व ‘नानामा’ या क्रियेने व्यक्त होते. येथे ‘माना’ ही साठवून ठेवण्याजोगी वस्तू नसून पूर्वजांची कृपा फलद्रूप झाल्याचे ते वर्णन आहे.

टिकोपिया हे लहानसे बेट राजकीय दृष्ट्या सॉलोमन बेटांत मोडत असले, तरी तेथील भाषा पॉलिनीशियन आहे. रेमंड फर्थ (१९०१–२००२) यांनी १९२८-२९ मध्ये तेथे राहून या शब्दाचे प्रत्यक्ष प्रयोग टिपले. त्यांनी लोकांकडे अमूर्त व्याख्या मागितली नाही. शब्द केव्हा वापरला जातो, हे पाहिले. प्रमुखाने प्रार्थना केली व पाऊस आला, फणसासारख्या ब्रेडफ्रूटच्या झाडाला भरपूर फळ धरले, मासे किनाऱ्याशी आले, आजारी माणूस बरा झाला, की तेथील लोक प्रमुख ‘मानू’ (किंवा ‘माना’) आहे असे म्हणत. पीक बुडाले, तर त्याच प्रमुखाविषयी ते उलट बोलत. फर्थ यांच्या मते या शब्दाचा रोख परिणामाच्या मागे दडलेल्या शक्तीपेक्षा दिसून येणाऱ्या परिणामावर अधिक होता. हे परिणाम देवांच्या व पूर्वजांच्या अनुकूलतेमुळे घडतात, अशी तेथील श्रद्धा होती.

फिजी व पश्चिम पॉलिनीशियातील अर्थ : फिजीत ‘माना’ हा शब्द विधींच्या अखेरीस उच्चारला जातो. यांगोना (कावा) या पेयाच्या समारंभात किंवा प्रार्थनेनंतर ‘माना, हे खरे आहे’ अशा अर्थाचे शब्द म्हणण्याची रीत आहे. त्यांचा भाव ‘तथास्तु’सारखा असतो. चमत्काराला ‘थाकामाना’ म्हणतात. सामोआत ‘माना’ म्हणजे अलौकिक सामर्थ्य, तथापि लौकिक सत्तेसाठी ‘पुले’ व प्रतिष्ठेसाठी ‘मामालू’ असे वेगळे शब्द तेथे आहेत. माओरी भाषेत एकाच शब्दाने व्यापलेले अर्थक्षेत्र सामोअन भाषेत अशा प्रकारे अनेक शब्दांत विभागले गेले आहे. टोंगात ‘माना’ या शब्दाने चमत्कार आणि मेघगर्जना असे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. मेघगर्जनेचा हा अर्थ दीर्घ काळ अपवादात्मक समजला गेला. परंतु शब्दाच्या मूळ अर्थाचा शोध घेताना त्याला पुढे विशेष महत्त्व आले.

पूर्व पॉलिनीशियातील अर्थ : हवाई, ताहिती, मार्केझस व न्यूझीलंड येथे ‘माना’ हा शब्द नाम म्हणून ठळकपणे वापरला जातो आणि त्याचा संबंध वंश, पद व अधिकार यांच्याशी येतो. हवाईत प्रमुखांची (आलिई) श्रेणी त्यांच्या देवांपर्यंत पोहोचणाऱ्या वंशावळीवर अवलंबून असे, व ही जवळीक जितकी अधिक, तितके सामर्थ्य अधिक मानले जाई. त्यांच्याभोवती निषेधांचे कडे असे. या निषेधांना हवाईत ‘कापू’, माओरी, टोंगन व इतर भाषांत ‘तापू’ व फिजीत ‘तांबू’ म्हणतात. हाच शब्द जेम्स कुक यांनी १७७७ मध्ये टोंगात नोंदविला आणि तो पुढे इंग्रजीमार्गे जगभर पसरला. हवाईतील कापूव्यवस्था १८१९ मध्ये राजा दुसरा कामेहामेहा व राणी काआहुमानू यांच्या पुढाकाराने मोडण्यात आली. ‘माना’ हा शब्द मात्र टिकला. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी ईश्वरी सामर्थ्यासाठी तो स्वीकारला. शासनव्यवहारात कायदे करण्याचा अधिकार, कार्यकारी अधिकार व न्यायदानाचा अधिकार यांच्या संज्ञाही याच शब्दापासून बनल्या.

प्रयोजक उपसर्ग लावून झालेल्या शब्दांची तुलना उद्‌बोधक आहे. माओरी ‘फाका-’ व हवाई ‘होओ-’ हे एकाच मूळ उपसर्गाचे दोन अवतार होत. यांपासून बनलेला हवाई शब्द ‘होओमाना’ म्हणजे पूजा करणे, धर्म. तसेच अधिकार देणे. माओरी शब्द ‘फाकामाना’ म्हणजे प्रमाणित करणे, वैधता देणे, अंमलात आणणे. दोन्हींची घडण एक, पण एका भाषेत प्रमुख अर्थ देवघराकडे वळला, तर दुसरीत सभागृहाकडे.

माओरी समाजात ‘माना’ वंशपरंपरेने मिळते, विशेषतः ज्येष्ठ शाखेकडे येते. मात्र ते पराक्रम, औदार्य, वक्तृत्व व आतिथ्य यांनी वाढते आणि अपमान, पराभव किंवा वचनभंग यांनी घटते. व्यक्तीप्रमाणेच कुलालाही ते असते. देवांपासून आलेले ते ‘माना आतुआ’, पूर्वजांकडून आलेले ते ‘माना तुपुना’, व्यक्तीने स्वतः मिळविलेले ते ‘माना तांगाता’ आणि विशिष्ट भूमीवरील कुलाचा अधिकार तो ‘माना व्हेनुआ’ असे भेद केले जातात. ईस्टर बेटावरील परंपरेत ‘मोआई’ नावाचे प्रचंड पाषाणपुतळे मानाच्या बळावर खाणीपासून आपल्या जागी चालत गेले, असे सांगितले जाते.

मानवशास्त्रातील संकल्पना : या शब्दाकडे यूरोपीय अभ्यासकांचे लक्ष वेधण्याचे श्रेय रॉबर्ट हेन्री कॉड्रिंग्टन (१८३०–१९२२) या इंग्रज मिशनरी विद्वानाकडे जाते. नॉरफोक बेटावरील मेलानीशियन मिशनच्या शाळेचे ते प्रमुख होते. बँक्स बेटांपैकी मोटा बेटाची भाषा ही या मिशनची व्यवहारभाषा होती. त्यांच्या १८७७ मधील एका पत्रातील मानाचे वर्णन फ्रीड्रिख माक्स म्यूलर (१८२३–१९००) यांनी १८७८ मध्ये दिलेल्या हिबर्ट व्याख्यानांत उद्‌धृत केले. पुढे १८९१ मध्ये कॉड्रिंग्टन यांचा द मेलानीशियन्स हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांनी दिलेले एक उदाहरण विशेष गाजले : एखाद्या माणसाला विचित्र आकाराचा दगड सापडतो, तो त्याला बागेत पुरून पाहतो, पीक भरघोस आले, की दगडात माना असल्याची त्याची खात्री पटते. कॉड्रिंग्टन यांनी मानाला निर्वैयक्तिक म्हटले. पण त्याचबरोबर ते नेहमी कोणत्या तरी व्यक्तीशी—भूताशी, मृतात्म्याशी किंवा जिवंत माणसाशी—निगडित असते, हेही स्पष्ट केले. त्यांच्या अनुयायांनी पहिले विधान उचलले व दुसऱ्याकडे दुर्लक्ष केले.

त्या काळी एडवर्ड बर्नेट टायलर (१८३२–१९१७) यांची जडप्राणवादाची उपपत्ती प्रचलित होती. तिच्यानुसार आत्म्यावरील विश्वास हे धर्माचे आद्य रूप होय. रॉबर्ट रॅनल्फ मॅरेट (१८६६–१९४३) यांनी याहून आधीची एक अवस्था कल्पिली व तीत मनुष्याला आत्म्याची नव्हे, तर अनाकलनीय शक्तीची जाणीव होती, असे प्रतिपादन केले. द थ्रेशोल्ड ऑफ रिलिजन (१९०९) या त्यांच्या ग्रंथात माना व तापू ही जोडी धर्माच्या किमान व्याख्येचा पाया ठरली. फ्रान्समध्ये आंरी ऊबेअर (१८७२–१९२७) व मार्सेल मोस (१८७२–१९५०) यांनी १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात मानाच्या साहाय्याने जादूचे स्पष्टीकरण केले. एमील द्यूर्केम (१८५८–१९१७) यांनी १९१२ मध्ये कुलचिन्हामागील तत्त्व व माना ही एकच मानून समाजाची स्वतःची शक्ती व्यक्तीला या रूपात जाणवते, असा सिद्धांत मांडला. अमेरिकेतील आदिवासींच्या ‘मानितू’, ‘ओरेंडा’ व ‘वाकान’ या कल्पना मानाच्याच जातीच्या ठरविण्यात आल्या. ई. एस. सी. हँडी (१८९२–१९८०) यांनी पॉलिनीशियन रिलिजन (१९२७) या ग्रंथात मानाचे स्पष्टीकरण विजेच्या प्रवाहाच्या दृष्टांताने केले. अशा रीतीने एका भाषासमूहातील शब्द सर्व मानवजातीच्या धार्मिक बाल्यावस्थेचे लक्षण ठरला.

या तुलनेतून भारतही सुटला नाही. ऊबेअर व मोस यांनी वैदिक ‘ब्रह्मन्’ या कल्पनेची सांगड मानाशी घातली. धी. ना. मजुमदार (१९०३–६०) यांनी छोटा नागपूर भागातील हो जमातीच्या ‘बोंगा’ या कल्पनेत निर्वैयक्तिक गूढ शक्ती पाहिली व तिची तुलना मानाशी केली. परिणामी भारतीय विद्यापीठांतील मानवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ‘माना’ ही संज्ञा रूढ झाली.

चिकित्सा : आर्थर मॉरिस होकार्ट (१८८३–१९३९) यांनी फिजीतील व इतरत्रच्या आपल्या माहितीच्या आधारे १९१४ मध्येच, ‘माना’ म्हणजे प्रामुख्याने भाकित किंवा उपाय खरा ठरणे, असे दाखवून दिले होते. इयन हॉगबिन (१९०४–८९) यांनी १९३६ मध्ये सॉलोमन बेटांतील व न्यू गिनीतील समाजांची तुलना केली. न्यू गिनीच्या किनाऱ्यानजीकच्या वोगेओ बेटावर जादू भरपूर, पण मानासारखी कल्पना मुळीच नाही, असे त्यांना आढळले. तेव्हा ती धर्माची वा जादूची सार्वत्रिक पायरी असू शकत नाही. आर्थर कॅपेल (१९०२–८६) यांनी १९३८ मध्ये शब्दाची भाषिक छाननी केली, तर फर्थ यांचा टिकोपियाविषयीचा निबंध १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. क्लोद लेव्ही-स्ट्राउस (१९०८–२००९) यांनी १९५० मध्ये अगदी वेगळी भूमिका घेतली. नाव ठाऊक नसलेल्या वस्तूसाठी आपण ‘अमुक’, ‘ते हे’ असे काही तरी म्हणतो. तसाच ‘माना’ हा ठराविक अर्थ नसलेला व म्हणून कोणताही अर्थ धारण करू शकणारा शब्द आहे, असे त्यांचे मत होते.

रॉजर कीसिंग (१९३५–९३) यांनी १९८४ मध्ये केलेली चिकित्सा सर्वांत मूलगामी ठरली. त्यांच्या मते बहुसंख्य ओशिॲनिक भाषांत ‘माना’ हे स्थितिवाचक क्रियापद आहे. त्याचा अर्थ ‘परिणामकारक असणे, यशस्वी होणे, फळास येणे’ असा आहे. त्यापासून बनणारे नाम केवळ ‘परिणामकारकता’ एवढेच सांगते. यूरोपीय भाषांतरकारांनी या नामाला ‘शक्ती’ असा प्रतिशब्द दिला आणि यूरोपीय भाषांत शक्ती ही ‘असते’, ‘साठते’, ‘वाहते’, म्हणून मानाही साठू व वाहू लागले. विजेचा दृष्टांत हा त्याचाच परिपाक होय.

हा मुद्दा मराठीतील प्रयोगांवरून सहज ध्यानात येईल. औषधाला गुण आला, नवस फळला, उपाय लागू पडला, वैद्याच्या हाताला यश आहे, असे आपण म्हणतो. या बोलण्यात घडलेला परिणाम सांगितलेला असतो आणि त्यामागे दैवाचा किंवा देवाचा हात असल्याची सूचनाही असू शकते. परंतु ‘हाताला यश आहे’ या वाक्यावरून एखाद्या परकीय अभ्यासकाने मराठी लोक ‘यश’ नावाच्या, हातात साठणाऱ्या अदृश्य द्रव्यावर विश्वास ठेवतात, असा निष्कर्ष काढला, तर तो चुकीचा ठरेल. मानाच्या बाबतीत काहीसे असेच घडले, असे कीसिंग यांच्या विवेचनाचे तात्पर्य सांगता येईल. अर्थात, पूर्व पॉलिनीशियात ही कल्पना अधिक मूर्त व श्रेणीबद्ध झाली, हे त्यांनी अमान्य केले नाही. वंशाभिमानी प्रमुख व पुरोहित यांचा वर्ग जेथे प्रबळ झाला, तेथे परिणामाच्या वर्णनातून पदाचे समर्थन करणारा सिद्धांत उभा राहिला, असे त्यांनी म्हटले. पूर्वेकडील हा विशेष विकास सर्वत्र लागू करणे, ही मूळ चूक होती.

रॉबर्ट ब्लस्ट (१९४०–२०२२) यांनी २००७ मध्ये तुलनात्मक भाषाशास्त्राच्या आधारे मूळ अर्थाचा वेगळाच मागोवा घेतला. त्यांच्या मते मूळ ओशिॲनिक भाषेत ‘माना’ हा शब्द मेघगर्जना, वादळी वारा यांसारख्या निसर्गशक्तींचा वाचक होता. या शक्तींमागे अदृश्य कर्ता आहे, अशी श्रद्धा असल्यामुळे शब्दाला अलौकिकतेची छटा होती. लोक पूर्वेकडे सरकत गेले, तसा अदृश्य सामर्थ्याचा अर्थ निसर्गघटनेपासून सुटा होऊन स्वतंत्रपणे वाढला; टोंगातील मेघगर्जनेचा अर्थ हा त्या जुन्या थराचा अवशेष होय. कीसिंग यांचे प्रतिपादन शब्दाच्या व्याकरणावर आधारलेले आहे, तर ब्लस्ट यांचे त्याच्या भौगोलिक वितरणावर. मात्र आरंभी माना ही माणसाने बाळगावयाची वस्तू नव्हती, या निष्कर्षावर दोघांचे एकमत आहे.

न्यूझीलंडमधील राजकीय संदर्भ : माना या शब्दाच्या भाषांतराचे सर्वांत गंभीर परिणाम न्यूझीलंडमध्ये दिसून आले. तेथील ब्रिटिश निवासी अधिकारी जेम्स बझ्बी यांच्या पुढाकाराने २८ ऑक्टोबर १८३५ रोजी उत्तरेकडील ३४ माओरी प्रमुखांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. त्याच्या माओरी पाठात सार्वभौम सत्तेसाठी ‘किंगितांगा’ (राजेपण) या नव्याने घडविलेल्या शब्दाच्या जोडीला ‘माना’ हा शब्द योजला होता. हे भाषांतर मिशनरी हेन्री विल्यम्स यांचे होते. त्यांनीच आपला मुलगा एडवर्ड याच्यासह ६ फेब्रुवारी १८४० रोजी सही झालेल्या वाइतांगी तहाचेही भाषांतर केले. तहाच्या पहिल्या कलमाच्या इंग्रजी पाठानुसार माओरी प्रमुखांनी ब्रिटिश राणीला सार्वभौमत्व दिले. माओरी पाठात मात्र त्या ठिकाणी ‘कावानातांगा’ हा ‘गव्हर्नर’ या शब्दापासून बनविलेला, ‘शासनकारभार’ अशा अर्थाचा शब्द आहे, ‘माना’ नाही. दुसऱ्या कलमाच्या माओरी पाठात जमिनी, वस्त्या व मौल्यवान गोष्टींवरील ‘रांगातिरातांगा’, म्हणजे प्रमुखांचा अधिकार, त्यांच्याकडेच राहील अशी हमी दिलेली आहे. पाचशेहून अधिक प्रमुखांनी तहावर सह्या केल्या व त्यांतील बहुसंख्यांनी माओरी पाठावरच केल्या.

इतिहासकार रूथ रॉस (१९२०–८२) यांनी १९७२ मध्ये तहाच्या विविध पाठांची चिकित्सा करून या विसंगतीकडे लक्ष वेधले. तेव्हापासून, ‘माना देणे’ असे शब्द तहात असते, तर प्रमुखांनी सह्या केल्या असत्या काय, हा प्रश्न सतत चर्चिला गेला आहे. आपले माना परकीय राणीच्या स्वाधीन करणे म्हणजे पूर्वजांचा वारसा सोडून देणे, असाच त्याचा अर्थ माओरी श्रोत्यांनी घेतला असता. याविरुद्ध असेही म्हटले जाते, की ‘माना’ हा शब्द यूरोपीय सार्वभौमत्वाचा काटेकोर पर्याय नव्हता आणि ‘कावानातांगा’ हा शब्द १८३५ च्या जाहीरनाम्यातही शासनाच्या कार्यासाठी आलेला असल्याने प्रमुखांना तो अगदी अपरिचित नव्हता. तहासंबंधीच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी १९७५ मध्ये स्थापन झालेल्या वाइतांगी न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये असा निर्णय दिला, की फेब्रुवारी १८४० मध्ये तहावर सह्या करणाऱ्या प्रमुखांनी सार्वभौमत्व सोडून दिले नव्हते. न्यूझीलंडच्या शासनाने मात्र राष्ट्राचे सार्वभौमत्व राजसत्तेकडे असल्याची भूमिका कायम ठेवली.

कायद्याच्या परिभाषेतही या शब्दाला स्थान मिळाले आहे. १९९१ च्या साधनसंपत्ती व्यवस्थापन कायद्यात ‘माना व्हेनुआ’ या संज्ञेची व्याख्या विशिष्ट प्रदेशात एखाद्या कुलाचा असलेला परंपरागत अधिकार अशी करण्यात आली. नदी, किनारा वा वनभूमी यांच्याविषयी निर्णय घेताना कोणत्या कुलाचे मत विचारात घ्यावयाचे, हे अशा व्याख्येवर अवलंबून असते. त्यामुळे शेजारी कुलांतही या शब्दाच्या व्याप्तीवरून तंटे उद्भवतात. स्वायत्ततेसाठी ‘माना मोतुहाके’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. न्यूझीलंडच्या इंग्रजीतही ‘माना’ हा शब्द प्रतिष्ठा या अर्थाने खेळाडू, पुढारी व संस्था यांच्याविषयी सर्रास वापरला जातो.

अलीकडील प्रयोग : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शब्दाला आणखी एक अर्थ लाभला. अमेरिकन लेखक लॅरी निव्हन यांनी १९६९ पासून लिहिलेल्या आपल्या अद्‌भुतकथांत माना ही खनिज तेलासारखी वापरताच संपून जाणारी जादूची शक्ती म्हणून कल्पिली. पुढे पत्त्यांच्या व संगणकावरील खेळांतून हाच अर्थ जगभर पसरला. अशा खेळांत पडद्यावर पात्राच्या मानाची पातळी मोजून दाखविली जाते, मंत्र वापरला की ती घटते व विश्रांतीने पुन्हा भरून येते. साठविता, मोजता व खर्चिता येणारे द्रव्य ही जी कल्पना मानवशास्त्राने प्रथम रूढ केली व नंतर स्वतःच नाकारली, ती अशा प्रकारे लोकप्रिय संस्कृतीत दृढ झाली आहे. याउलट हवाई, न्यूझीलंड व फ्रेंच पॉलिनीशिया येथे भाषा व संस्कृती यांच्या पुनरुज्जीवनाच्या चळवळींत भूमी, पूर्वज व समाज यांच्याशी असलेले नाते व्यक्त करणारा शब्द म्हणून ‘माना’ वापरला जातो. मिशनरी, मानवशास्त्रज्ञ, विधिज्ञ व स्थानिक कार्यकर्ते यांच्या वापरातून शब्दाचे अर्थ सतत बदलत आले आहेत. त्यामुळे कोणत्याही लेखात हा शब्द आढळल्यास तो कोणत्या बेटावरील, कोणत्या काळातील व कोणाच्या तोंडचा आहे, हे निश्चित केल्यावाचून त्याचा अर्थ लावता येत नाही.